एकटी खूण साक्ष देत नाही

सोनोग्राफीत गुणसूत्रं दिसत नाहीत. गोष्ट इतकी साधी आहे की ती कुणी सांगत नाही, आणि न सांगितल्यामुळे बराच घोटाळा होतो. गुणसूत्रं पेशीच्या आत असतात. ती पाहायला आधी पेशी मिळवाव्या लागतात, त्या प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजावं लागतं. सोनोग्राफीचं यंत्र यातलं काहीच करत नाही. ते पोटावरून ऐकू न येणारा आवाज आत सोडतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून करड्या छटांचं चित्र काढतं. हाड पांढरं, पाणी काळं, बाकी सगळं मधलं. तरीही हेच चित्र पाहून डॉक्टर कधीतरी म्हणतात, ‘या बाळात एकविसावं गुणसूत्र जास्तीचं असावं अशी शंका येते.’ जे दिसतं त्यावरून न दिसणाऱ्याबद्दल बोलायची ही रीत नेमकी कशी चालते आणि तिच्यावर किती विसंबावं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

ही रीत आपल्या भागातल्या घरांत कशी पोचते, ते आधी पाहू. दुसरबीड हे बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यातलं, मेहकर-जालना रस्त्यावरचं गाव. समृद्धी महामार्गावर चढायची-उतरायची सोय गावाजवळच झाली, त्यामुळे जालना आणि छत्रपती संभाजीनगर आता पूर्वीइतकं लांब वाटत नाही. दुसरबीड, किनगाव राजा, मलकापूर पांग्रा या पट्ट्यातली गर्भवती आशाताईच्या यादीत चढते, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन होतं आणि ‘पाच महिन्यांची सोनोग्राफी’ बहुतेकदा तालुक्याच्या गावी, नाहीतर जालना-चिखलीला होते. हातात येतो तो इंग्रजी रिपोर्ट. घरातला शिकलेला पुतण्या तो मोबाईलवर शोधून वाचतो. त्यात ‘इकोजेनिक इंट्राकार्डियाक फोकस’ हे तीन शब्द सापडले की त्या रात्री घरात झोप नाही, कारण मोबाईलवर त्यांच्या शेजारीच ‘डाऊन सिंड्रोम’, म्हणजे तेच जास्तीचं एकविसावं गुणसूत्र, लिहिलेलं असतं.

तो फोकस म्हणजे काय? बाळाच्या हृदयात, बहुधा डाव्या कप्प्यात, एक पांढरा ठिपका. झडपेची दोरी ज्या छोट्या स्नायूला बांधलेली असते त्या स्नायूत कॅल्शियमचा कण साठला की तो हाडासारखा चमकतो. हृदयाच्या कामात त्याने काही बिघडत नाही. शंभर निरोगी बाळांपैकी तीन ते पाच बाळांत तो दिसतो, आशियाई आयांच्या बाळांत जरा जास्तच. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांत त्याचं प्रमाण अधिक असतं, म्हणून १९९०च्या दशकात तो खुणांच्या यादीत गेला. यादीत गेलेली गोष्ट पुढे काढून टाकणं किती अवघड असतं, हे सरकारी कचेरीत काम पडलेल्या कुणालाही सांगायला नको.

सोयाबीनचं एक पान पिवळं दिसलं म्हणून जाणता शेतकरी लगेच केवडा रोग आला म्हणत नाही. पाणी साचलं असेल, लोह कमी पडलं असेल. तो शेजारचं झाड पाहतो, पानाच्या शिरा पाहतो, पांढरी माशी आहे का पाहतो. गर्भाच्या तपासणीतही हाच न्याय आहे. एकटी खूण फारसं काही सांगत नाही. तिच्या सोबतीला कोण आहे, यावर सगळं ठरतं.

खुणांची ही सोबत पहिल्यांदा दिसली ती यंत्राशिवाय. १८६६ साली इंग्लंडमध्ये सरे इथल्या अर्ल्सवुडच्या मतिमंदांसाठीच्या संस्थेतले डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी आपल्याकडच्या मुलांचं वर्णन लिहिलं. काही मुलं आईबाप वेगळे असूनही एकमेकांची भावंडं वाटावीत इतकी सारखी दिसतात, हे त्यांच्या नजरेने टिपलं. त्यांनी लावलेला वंशाचा अर्थ चुकीचा होता आणि आज तो वाचवत नाही. निरीक्षण मात्र पक्कं होतं: चेहरा सपाट, नाक लहान आणि कातडी शरीराला मोठी झाल्यासारखी सैल. या सारखेपणामागचं कारण सापडायला १९५९ साल उजाडलं. पॅरिसमध्ये या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं मोजली गेली. पेशी वाढवण्याचं किचकट काम मार्थ गोतिए या डॉक्टरबाईंनी उभं केलं होतं, श्रेय मात्र फार काळ जेरोम लेज्यून यांच्याच नावावर राहिलं. पुढच्याच वर्षी अठराव्या आणि तेराव्या गुणसूत्राच्या जास्तीच्या प्रतींची वर्णनं आली. एडवर्ड्‌स आणि पटाऊ ही त्या दोन सिंड्रोमची नावं तेव्हापासूनची.

डाऊन यांनी लिहिलेली सैल कातडी आणि लहान नाक शंभर-सव्वाशे वर्षांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर परत आली. १९८५ साली बोस्टनच्या बेरिल बेनासेराफ यांनी दाखवलं की पाचव्या महिन्याच्या सुमाराला मानेमागची कातडीची घडी सहा मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल, तर त्या बाळांत डाऊन सिंड्रोम पुष्कळ जास्त आढळतो. सुरुवातीला त्यांच्यावर टीका झाली. अक्षरं वाचताना त्यांना लहानपणापासून अडचण यायची, डिस्लेक्सिया होता. चित्रातली ठेवण चटकन ओळखू येते ती कदाचित त्यामुळेच, असं त्या सांगत. १९९२ साली लंडनचे किप्रोस निकोलाइडीस यांनी हीच गोष्ट आणखी आधी, तिसऱ्या महिन्यात आणली. तिला आता सगळे ‘एनटी’ म्हणतात. पुढे २००१ साली त्यांच्याच गटाने नाकाचं हाड न दिसणं ही खूण तिला जोडली.

एनटी कशी मोजतात ते जवळून पाहिलं की एका मिलिमीटरला किती किंमत आहे ते कळतं. अकरा ते पावणेचौदा आठवड्यांच्या गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी साधारण ४५ ते ८४ मिलिमीटर असते. या काळात मानेमागे कातडीखाली थोडं पाणी असतंच, सगळ्याच बाळांत असतं. ते पडद्यावर काळ्या पट्टीसारखं दिसतं, आणि मोजायची ती त्या पट्टीची जाडी. बाळ बरोबर एका कुशीवरून दिसायला हवं. मान मागे ताणलेली असेल तर माप वाढतं, हनुवटी छातीला टेकली असेल तर घटतं. चित्र इतकं मोठं करायचं की पडद्यावर फक्त डोकं आणि छाती उरेल. मग खरी मेख येते. बाळ ज्या पिशवीत असतं तिचा पातळ पापुद्राही पडद्यावर कातडीसारखीच रेघ काढतो. घाईत तीच रेघ कातडी समजून मोजली तर निरोगी बाळाची एनटी पाच मिलिमीटर लिहिली जाते. उपाय एकच, बाळ हलेपर्यंत थांबायचं. बाळाने उडी मारली की कातडी त्याच्याबरोबर जाते, पापुद्रा जागच्या जागी राहतो. त्यानंतर दोन पांढऱ्या रेघांच्या आतल्या कडांवर खुणेचे दोन क्रॉस ठेवायचे, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. नेहमीचं माप दीड-दोन मिलिमीटरच्या आसपास. साडेतीनच्या वर जाणारं बाळ शंभरात एखादंच.

आणि ते एखादं बाळही डाऊनचंच असेल असं नाही. वाढलेल्या पाण्यामागे हृदयाचा दोष असू शकतो, टर्नर सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दुसरा दोष असू शकतो, गुणसूत्रांची मोजणी बरोबर असूनही एखाद्या जनुकाची गडबड असू शकते. गुणसूत्रं ठीक निघाली आणि पुढच्या सोनोग्राफीतही काही सापडलं नाही, तर यातली बहुतेक बाळं चांगली जन्मतात. म्हणून एनटी जास्त आली की मोजणारा तिथे थांबत नाही. नाकाचं हाड पाहतो, हृदयाच्या उजव्या बाजूची झडप गळते का पाहतो, छोट्या शिरेतला रक्ताचा प्रवाह उलटा जातो का पाहतो, आईच्या रक्तातली दोन द्रव्यं मोजायला पाठवतो. एनटी आणि आईचं वय एवढ्यावर डाऊनच्या चारातल्या तीन बाळांची शंका येते. रक्ताची जोड दिली की दहातल्या नऊंची. तरी ती शंकाच.

पाचव्या महिन्यात बाळ वीतभर झालेलं असतं आणि खुणा उघड बोलू लागतात. अठराव्या गुणसूत्राची जास्तीची प्रत असलेल्या बाळाचा हात हे माझ्या मते या सगळ्या शास्त्रातलं सगळ्यात बोलकं चित्र आहे. नेहमीचं बाळ या वयात मूठ उघडतं, मिटतं, अंगठा तोंडाकडे नेतं. या बाळाची मूठ सुटत नाही. तर्जनी मधल्या बोटावर चढलेली, करंगळी अनामिकेवर आडवी. पण मूठ मिटलेली दिसली म्हणजे हेच, असं कसं म्हणणार? प्रत्येक बाळ कधी ना कधी मूठ मिटून बसलेलं असतं. म्हणून चांगला तपासणारा हात सोडून हृदयाकडे जातो, मणक्याकडे जातो, परत हाताकडे येतो. बाईला थोडं चालून यायला सांगतो आणि पुन्हा बघतो. तरीही बोटं तशीच असतील तर तो इतर साक्षीदार शोधतो. डोक्याचा आकार मागे रुंद, पुढे निमुळता आहे का? बेंबीपाशी आतडं बाहेर आहे का? पायाचा तळवा खोलगट असायच्या जागी बाहेर फुगलेला आहे का? हृदयाच्या पडद्याला भोक आहे का? आणखी एक विसंगती असते, ती अनुभवी माणसाला पटकन खटकते. वाढ खुंटलेल्या बाळाभोवती सहसा पाणी कमी होतं. इथे पुढच्या महिन्यांत बाळ लहान राहतं आणि पाणी वाढत जातं.

याच बाळाच्या मेंदूत कधी छोट्या पाण्याच्या गाठी दिसतात, कोरॉइड प्लेक्सस सिस्ट. त्याही निरोगी बाळांत शंभरात एक-दोघांना असतात आणि बहुधा आपोआप विरतात. मूठ उघडत असेल, हृदय ठीक असेल, वाढ ठीक असेल, तर त्या गाठींना काही अर्थ नाही. मूठ उघडत नसेल तर त्याच गाठींचा अर्थ पार बदलतो.

तेरावं गुणसूत्र जास्तीचं असलेल्या बाळात दोष शरीराच्या मध्यरेषेवर गोळा होतात: मेंदूचे दोन भाग वेगळे न होणं, डोळे जवळ येणं, ओठ मधोमध फाटणं, आणि जोडीला सहावं बोट. टर्नरमध्ये मानेमागे पाण्याच्या पिशव्या आणि पुढे सगळ्या अंगाला सूज. ही दोन्ही चित्रं एकदा पाहिलेला विसरत नाही.

सहाव्या बोटाची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगायला हवी. आपल्याकडे सहा बोटांचं मूल नशीबवान समजतात. बापाला, आजोबाला असेल तर ते घराण्याचं लेणं असतं, त्यात आजार काही नाही. पण त्याच बाळाची मूत्रपिंडं मोठी, बारीक बारीक पाण्याच्या गाठींनी भरलेली असतील आणि डोक्याच्या मागच्या हाडाला भोक पडून मेंदूचा भाग बाहेर आला असेल, तर तिन्ही मिळून एक वेगळंच नाव तयार होतं: मेकेल-ग्रुबर. या बाळाची गुणसूत्रं मोजली तर पूर्ण ४६ निघतात. दोष एका जनुकाचा असतो आणि तो आई व बाप दोघांकडून एकेक प्रत आल्यावरच उमटतो. दोघेही स्वतः ठणठणीत. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न ही आपल्या भागात जुनी चाल आहे आणि एकाच आजा-आजीकडून दोघांकडे तीच प्रत आलेली असण्याची शक्यता तिथे वाढते. गुणसूत्रांचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कुणी ‘पुढच्या वेळी काही होणार नाही’ असं सांगून या जोडप्याला घरी पाठवलं, तर ते चूक आहे. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात हाच धोका चारात एक असतो. इथे प्रयोगशाळेने जे सांगितलं नाही ते डोळ्याने सांगितलं. तेही अडचणीतून, कारण मूत्रपिंडं काम करत नसल्याने बाळाभोवती पाणी उरत नाही, पाण्यावाचून चित्र धूसर होतं आणि नेमकी बोटंच मोजता येत नाहीत.

आता आकड्यांकडे येऊ. सोबतीचा अर्थ खरा तिथे कळतो. विशीतल्या आईला डाऊन सिंड्रोमचं बाळ होण्याची शक्यता ढोबळमानाने दीड हजारात एक. पस्तिशीला ती साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक. पण आपल्या भागातल्या बहुतेक आया विशी-पंचविशीतल्या असतात. प्रत्येकीचा धोका कमी, आया मात्र जास्त, म्हणून अशी बाळं एकूण पाहता तरुण आयांनाच अधिक होतात. ‘वय कमी आहे, तपासणी कशाला’ हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही.

समजा, तेवीस वर्षांच्या बाईच्या रिपोर्टात फक्त तो पांढरा ठिपका आहे. लंडनच्या निकोलाइडीस यांच्याच गटाने २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून प्रत्येक खुणेचं वजन काढलं. एकट्या ठिपक्याचं वजन जवळजवळ एक आलं. म्हणजे दीड हजारात एक होती, ती दीड हजारात एकच राहिली. मूत्रपिंडात थोडं पाणी दिसणं, हेही तसंच. मानेची जाड घडी एकटीच असेल तर शक्यता चौपटीच्या जवळ जाते. नाकाचं हाड नसेल तर सहा-सात पटीने वाढते, म्हणजे सव्वादोनशेत एक. घडी जाड आणि हाडही नाही, असं दोन्ही एकत्र आलं तर ढोबळ गुणाकाराने साठात एकच्या आसपास. साठातली एकोणसाठ बाळं तरीही ठीक आहेत, हे विसरू नये. उलट बाजूही आहे. सगळं नीट पाहिलं आणि एकही खूण सापडली नाही, तर दीड हजारात एकची शक्यता दहा हजारात एकच्याही खाली जाते. म्हणून काहीही न सापडणं हासुद्धा एक निष्कर्षच असतो. पण ते शून्य नव्हे. एडवर्ड्‌स, पटाऊ सहसा सोनोग्राफीला चुकवून जात नाहीत. डाऊनची बाळं मात्र पुष्कळदा पाचव्या महिन्यात अगदी सरळ दिसतात.

मला वाटतं, एकटा ठिपका दिसला तर त्याच्या खाली मराठीत एक ओळ छापावी: ‘बाकी तपासणी व्यवस्थित, या खुणेमुळे धोका वाढत नाही.’ छपाईचा खर्च काही नाही, आणि एका घराची झोप वाचेल.

शंका खरोखर वाढली तर पक्कं उत्तर फक्त पेशी देतात. अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा कण, सोळा आठवड्यांनंतर गर्भजल. दोन्हीत सुई लागते, गर्भपाताचा धोका थोडा, हजारात पाच किंवा त्याहून कमी. आईच्या रक्तात बाळाच्या डीएनएचे तुकडे फिरतात हे डेनिस लो यांनी १९९७ साली दाखवलं, त्यावरून निघालेली एनआयपीटी दहाव्या आठवड्यापासून होते. ती डाऊनसाठी फार नेमकी आहे आणि महागही. पण बाळात उघड दोष दिसत असेल तर तिच्यावर अडून राहू नये. ती मोजक्याच गुणसूत्रांबद्दल बोलते.

या सगळ्याला वेळेची अट आहे आणि आपल्याकडे घोडं तिथेच अडतं. एनटीची मुदत शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ७७व्या दिवशी सुरू होते आणि ९७व्या दिवशी संपते. आपली चाल अशी की तीन महिने पूर्ण होईपर्यंत दिवस गेल्याचं कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस. बातमी उंबऱ्याबाहेर पडते, आशाताईच्या वहीत नाव चढतं, नवऱ्याला कामातून सवड मिळते, तोवर शंभरावा दिवस उजाडलेला असतो. चालीमागचं शहाणपण खोटं नाही. बहुतेक गर्भपात पहिल्या तीन महिन्यांतच होतात, म्हणून बाईमाणसाने गप्प राहणं समजण्यासारखं आहे. पण तपासणी नेमकी त्या गप्प राहण्यात निसटते.

दुसरी अडचण तारखेची. ‘पोळ्याच्या आसपास पाळी आली होती’ अशा हिशोबावर बाळाचं मांडीचं हाड खरंच लहान की दिवसच कमी, हे कसं ठरवणार? तिसऱ्या महिन्यात मोजलेली लांबी दिवस चार-पाच दिवसांच्या फरकाने पक्के करते. सातव्या महिन्यात पहिल्यांदा आलेल्या बाईचा अंदाज दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होतो. मग वाढ खुंटलेली ओळखायची कशावरून? त्यात पहिलं बाळंतपण माहेरी आणि आधीच्या सोनोग्राफीचे कागद सासरी.

सोनोग्राफीभोवती आपल्या जिल्ह्यात दुसरं एक सावट आहे, ते लपवून चालणार नाही. २०११च्या जनगणनेत बुलढाण्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८५५ मुली मोजल्या गेल्या, राज्यातल्या सगळ्यात कमी आकड्यांपैकी एक. जिजाऊंचं जन्मगाव ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याचा हा आकडा. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. कायदा कडक आहे आणि असावाच. फक्त हे लक्षात ठेवावं की गुणसूत्रांचे दोष आणि जन्मजात व्यंग शोधायला तोच कायदा स्पष्ट परवानगी देतो. गुणसूत्रांच्या रिपोर्टात मुलगा-मुलगी लिहीत नाहीत, तेवढं झाकून बाकी सांगतात. सोनोग्राफी म्हणजे मुलगा-मुलगी पाहणं, हे समीकरण लोकांच्या डोक्यात इतकं बसलंय की तपासणीला चाललेली बाई शेजारणीला मेहकरला बाजाराला चालले म्हणते.

उशिरा कळण्याची किंमत न्यायालयांच्या निकालांत दिसते. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका बाईला २४व्या आठवड्यात गर्भपाताची परवानगी दिली, बाळाला कवटीच नव्हती. कवटी नसणं बहुधा बाराव्या-तेराव्या आठवड्यातही दिसतं. दीड महिन्याने, २८ फेब्रुवारीला, महाराष्ट्रातल्याच ३७ वर्षांच्या बाईला २६व्या आठवड्यात नकार मिळाला. तिच्या बाळाला डाऊन सिंड्रोम होता आणि आईच्या जिवाला धोका नाही, असं वैद्यकीय मंडळाचं मत होतं. तेव्हा कायद्याची मर्यादा वीस आठवडे होती. २०२१च्या दुरुस्तीने ती ठरावीक कारणांसाठी २४ झाली आणि बाळात गंभीर दोष असेल तर मंडळाच्या मताने त्यापुढेही वाट ठेवली. तरी जानेवारी २०२३ मध्ये ३३व्या आठवड्यातल्या एका बाईला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. दोष गंभीर आहे हे मंडळाला मान्य होतं, पण उशीर झाला म्हणून त्याने नकार दिला होता. निर्णय त्या बाईचा आहे, मंडळाचा नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. त्या बाईला दोष कळला होता डिसेंबरअखेर, २९व्या आठवड्यात.

डाऊनच्या निकालावर दोन मतं असू शकतात. ही मुलं शिकतात, हसतात, घरात रमतात, काही कामाला लागतात. कुणाला ते मूल हवं असतं, कुणाला ती जबाबदारी झेपणारी नसते, आणि दोघांनाही कुणी दोष देऊ नये. पण खूण ओळखण्याचा उपयोग फक्त गर्भपातासाठी होतो, हे खरं नाही. पोटात दोन काळे फुगे शेजारी शेजारी दिसले तर लहान आतड्याची सुरुवात बंद आहे असं समजतात. अशा बाळांपैकी साधारण एक तृतीयांश डाऊनची असतात, बाकीची नसतात. दोघांनाही जन्मल्यावर लगेच शस्त्रक्रिया लागते आणि ती झाली तर बाळ दूध पिऊ लागतं. हे आधी कळलं तर बाळंतपण बालशल्यचिकित्सक असलेल्या गावी ठरवता येतं. नाही कळलं, तर बाळ हिरव्या उलट्या करत दोन दिवस गावातच राहतं.

तेव्हा दुसरबीड-किनगाव राजाच्या घरांना एवढंच सांगणं. पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा. सासूला, शेजारणीला सांगायचं नसेल तर नका सांगू, पण आशाताईला दुसऱ्याच महिन्यात सांगा आणि ७७ ते ९७ या दिवसांतली सोनोग्राफी चुकवू नका. दुसरी अठरा ते वीस आठवड्यांत. माहेरी जाताना सगळे कागद पिशवीत घाला. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी केंद्रात डॉक्टर मोफत तपासतात, कागद त्यांना दाखवा. आणि रिपोर्टात एखादा अवघड शब्द दिसला तर मोबाईलकडे जाण्याआधी तपासणाऱ्याला विचारा: ‘याच्याबरोबर आणखी काय दिसलं?’